बॅटरी लहान, जागा मोठी

तुळजापूरचा घाट उतरून तामलवाडी मागे पडली होती. मार्च महिना, दुपारचे दीड-दोन वाजलेले. शेजारी आई, तिच्या मांडीवर ओटीतला नारळ. गतिरोधकावरून गाडी खाली आली आणि बॉनेटखालून टक् असा आवाज झाला. लगेच आणखी एक. मग रबर जळाल्यासारखा वास आला आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं.

गाडी कडेला घेतली, आईला उतरून लांब उभं राहायला सांगितलं आणि बॉनेट उघडलं. बॅटरी जागेवर नव्हती. ट्रेच्या एका कडेला सरकून कलली होती. तिच्या बगलेत ठोकलेला लाकडाचा ठोकळा निसटून खाली पडला होता. धन टोकाचा क्लँप, म्हणजे वायरची पकड, बॅटरी धरून ठेवायच्या लोखंडी सळईला टेकला होता आणि तिथून धूर येत होता. सळई ट्रेला, ट्रे बॉडीला आणि बॉडी ऋण टोकाला जोडलेली. म्हणजे बॅटरीची दोन टोकं सरळ एकमेकांना भिडली होती आणि मध्ये एक फ्यूजसुद्धा नव्हता.

मी शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शॉर्टसर्किटची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याची मोजदाद नाही. हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब साडेचार अँपिअर घेतो. बॅटरीचा आतला रोध जेमतेम काही मिलिओम असतो, त्यामुळे टोकं अशी भिडली की शेकडो अँपिअर वाहतात. हे मी मुलांना सांगत आले आहे, पण दोन हातांवर ते कधी पाहिलं नव्हतं. खाली पडलेला तोच कोरडा ठोकळा उचलून मी क्लँप सळईपासून ढकलला. डिकीतून दहाचा पाना आणून आधी ऋण टोक सोडवलं. क्लँपला शेंगदाण्याएवढा खळगा पडला होता, शिसं वितळून गेलं होतं. हात नंतर थरथरले, पाना परत ठेवताना.

मागून आलेला एक टेम्पोवाला थांबला. त्याने सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी दिली, क्लँपवर गुंडाळायला पोत्याचा तुकडा दिला आणि बॅटरी तात्पुरती आवळून बांधून दिली. तिशीच्या वेगाने, प्रत्येक खड्ड्याला जवळजवळ थांबत, आम्ही सोलापूर गाठलं.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, 1983 सालची, फिक्या निळ्या रंगाची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. बाबांना तिचं कौतुक होतं आणि त्यामागे त्यांचं एक सोलापुरी कारणही होतं. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 साली काढली ती वालचंद हिराचंदांनी, आणि वालचंदांचा जन्म 1882 साली आपल्या सोलापुरातला. कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता, मूळ गाडी इटलीच्या फियाटची होती, तरी बाबा तिला गावचीच समजत. आमचे आठ माग होते, टॉवेलचे. बाबा सुताचे कोन आणायलाही हीच गाडी न्यायचे. ते गेल्यावर माग विकले, शेड विकली. गाडी विकायचा विषय आईने एकदाही काढला नाही आणि मीही नाही.

त्या फेब्रुवारीत जुनी बॅटरी संपली होती. ती 65 अँपिअर-अवरची (हे साठवणक्षमतेचं माप), जवळजवळ सतरा किलोची. कारखान्यातून आलेला मूळ ट्रे कधीच गंजून गेलेला, आणि नव्वदच्या दशकात कधीतरी बाबांनी या मोठ्या बॅटरीच्या मापाने जाड पत्र्याचा नवा ट्रे करून घेतला होता. दुकानात मला सांगण्यात आलं की 1089 सीसीच्या इंजिनाला एवढी मोठी लागत नाही, अल्टो, वॅगन-आर अशा गाड्यांना असते ती 35 अँपिअर-अवरची पुरते. ते बरोबरच होतं. आपल्याकडे थंडी ती किती! डिसेंबर-जानेवारीतही इंजिन गारठून जड झालंय असं होत नाही. नवी बॅटरी निम्म्याच्या जवळपास वजनाची, स्वस्त आणि कुठेही मिळणारी. मला आवडली. तिथल्या मुलाने ती मोठ्या ट्रेत ठेवली, बाजूला लाकडाचा ठोकळा ठोकला, वरून जुनीच पट्टी आवळली आणि सेल्फ मारून दाखवला. गाडी चालू झाली. मी पैसे दिले आणि निघाले. बॉनेट लावायच्या आधी बॅटरीला एकदा हात लावून हलवून बघायचं मला सुचलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. शेजारी आई बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी जॉबरकाकांना फोन केला. मागाच्या कारखान्यात माग लावणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस म्हणजे जॉबर. काका पद्मशाली विणकर समाजातले, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. आमच्या शेडमध्ये बावीस वर्षं होते. आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ठिकाणी जातात. मोटारीतलं त्यांना फारसं कळत नाही असं ते स्वतःच म्हणतात. पण हादऱ्याबद्दल विचारायचं तर सोलापुरात जॉबरशिवाय दुसऱ्या कुणाला विचारावं? माग मिनिटाला शंभराहून जास्त वेळा आडवं सूत नेणारा धोटा फेकतो. दर फेकीला अख्खा सांगाडा हादरतो. नट सैल झाला की आधी आवाज बदलतो, मग कापडात दोष येतो, मग काहीतरी तुटतं. काकांचं सगळं आयुष्य ते आवाज ऐकण्यात गेलं.

रविवारी सकाळी आले. बांधलेली ट्यूब सोडली, बॅटरी आहे तशी ठेवली आणि दोन तळहात लावून ढकलली. ती सरकली, लगेच कलली.

“ताई, ही धरलेलीच नाही ओ. नुसती ठेवलीय.”

मग त्यांनी मला ट्रे हलवायला सांगितला. मी बॅटरीकडेच बघत होते, ट्रेकडे माझं लक्षच नव्हतं. ट्रे धरून हलवला तर तोही हलला. चार बोल्टांपैकी एक गंजून मान तुटलेला, एक सैल. वरची पट्टी बॅटरीला ट्रेशी बांधते. ट्रेच गाडीला नीट धरलेला नसेल तर ती पट्टी कितीही आवळा, दहा किलोचा आख्खा गठ्ठा मिळून नाचणार. खालून वर यायचं, असं काका म्हणाले: आधी गाडी आणि ट्रे, मग ट्रे आणि बॅटरी, मग बॅटरी आणि वायर.

मी वही घेऊन मापं लिहायला बसले. जुन्या बॅटरीची लांबी 260 मिलिमीटर, रुंदी 173. नवीची लांबी 197, रुंदी 129. म्हणजे लांबीत 63 आणि रुंदीत 44 मिलिमीटर मोकळे. एवढ्या जागेत बॅटरी फिरूसुद्धा शकते. उंची मात्र दोघींची जवळजवळ सारखी, टोकांसकट सव्वादोनशेच्या आसपास. त्यामुळे वरून बघणाऱ्याला बॅटरी बरोबर बसलीय असंच वाटतं.

ही मापं बॅटरीवरच्या नंबरातच लिहिलेली असतात हे मला तेव्हा कळलं. माझ्या बॅटरीवर 38बी20 आणि पुढे एक अक्षर होतं. पहिला आकडा तिच्या ताकदीची श्रेणी. ‘बी’ म्हणजे 129 मिलिमीटर रुंदीचा गट, ‘डी’ असेल तर 173. मधला 20 म्हणजे लांबी सुमारे 20 सेंटिमीटर. आणि शेवटचं ‘एल’ किंवा ‘आर’ धन टोक कोणत्या बाजूला ते सांगतं. ही जपानी पद्धत. जुनीच्या नंबरात ‘डी26’ होतं. दुकानात उभ्या उभ्या हे दोन नंबर शेजारी ठेवून वाचले असते तरी फरक कळला असता.

शेवटच्या अक्षरानेही घोळ घातला होता. जुनीचं धन टोक ज्या बाजूला, नवीचं त्याच्या उलट. त्यामुळे धन वायर बॅटरीच्या डोक्यावरून तिरकी ओढून लावलेली. ताणलेली वायर स्प्रिंगसारखी सतत बॅटरीला एका बाजूला खेचत होती. तामलवाडीजवळ बॅटरी नेमकी सळईच्याच बाजूला का गेली, याचं उत्तर तिथे होतं. बॅटरी फिरवून ठेवावी तर टोकं बॉडीच्या पत्र्याकडे जात होती, तेही नको. मी दुकानात जाऊन उलट अक्षराची बॅटरी मागितली. नवीच होती, फक्त क्लँप वितळलेला, बॅटरीच्या टोकावर थोडा डाग. त्यांनी थोडे जास्त पैसे घेऊन बदलून दिली.

मधल्या काळात मी आणखी एक पर्याय तपासून पाहिला. युरोपीय मापाची 44 अँपिअर-अवरची बॅटरी येते, 207 लांब, 175 रुंद आणि 175 उंच. रुंदीला ती बाबांच्या ट्रेत जवळजवळ चपखल बसली असती. पण तिला धरायची पद्धत वेगळी, तळाशी बाहेर आलेला ओठ असतो आणि तो पाचरीसारख्या तुकड्याने दाबून बोल्ट करायचा. मला ती पद्धत जास्त पक्की वाटते, खरं सांगते. मात्र त्यासाठी ट्रेच्या तळात नवीन भोकं पाडावी लागली असती आणि बाबांनी करून घेतलेल्या ट्रेला भोक पाडायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. उद्या कुणाला पुन्हा मोठी बॅटरी ठेवायची असेल तर ठेवता आली पाहिजे.

तेव्हा ठरलं ते असं: मोठ्या ट्रेच्या आत लहान चौकट करायची, आणि ती ट्रेच्या आधीच असलेल्या भोकांतून, ट्रेच्याच बोल्टांनी, थेट गाडीला आवळायची.

आधी ट्रे बाहेर काढला. कोपऱ्यांत पांढरट-हिरवट पापुद्रे आणि खाली गंज. वर्षानुवर्षं ॲसिडची वाफ आणि थेंब. जाड रबरी हातमोजे आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला चष्मा घालून मी खायचा सोडा पाण्यात कालवला आणि ओतला. फसफसून बुडबुडे आले. फसफसणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ओतायचं, मग स्वच्छ पाण्याने धुवायचं. ट्रेखालच्या बॉडीच्या पत्र्यावरही तेच केलं. (हे बॅटरी गाडीतून काढून लांब ठेवल्यावरच. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर आतलं ॲसिड वाया जातं.) तारेच्या ब्रशने घासल्यावर पत्रा अजून जाड आणि शाबूत निघाला. एका ठिकाणी गंजाने खाल्लेलं होतं, तिथे आतून ठिगळ लावून घेतलं. मग गंज रोखणारा रेड ऑक्साईड, त्यावर काळ्या रंगाचे दोन हात. उन्हात तासाभरात वाळला. सोलापूरच्या उन्हाचा असा उपयोग वर्षातून चार-दोनदाच होतो.

चौकटीसाठी 25 बाय 25 चा, 3 मिलिमीटर जाडीचा काटकोनी लोखंडी अँगल घेतला. आतलं माप 200 बाय 132 ठेवलं. बॅटरी 197 बाय 129, म्हणजे सगळ्या बाजूंनी दीड मिलिमीटरची फट, आणि त्या फटीत दीड मिलिमीटरची रबरी पट्टी. तळाला 3 मिलिमीटरची रबरी चटई. अँगलची उभी बाजू बॅटरीला चारी बाजूंनी जवळजवळ 20 मिलिमीटर उंचीपर्यंत कवेत घेते, आडवी बाजू तिच्याखाली येते. खाली सरकायचा प्रश्न तिथेच संपतो. वेल्डिंग फॅब्रिकेशनच्या दुकानात टेबलावर करून घेतलं. त्या माणसाचं म्हणणं होतं, गाडी इकडे आणा, जागेवरच टाके मारतो, माप चुकणार नाही. मी नको म्हटलं. बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असली तर तिच्या आसपास हायड्रोजन असतो, आणि हवेत तो चार टक्के असला तरी ठिणगीने भडका उडतो. शिवाय वायर सोडवल्याशिवाय गाडीवर वेल्डिंग केलं तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जातात. बाबांनी डायनामो काढून अल्टरनेटर बसवला होता, तो त्या दिवशीच्या शॉर्टमधून वाचला होता. पुन्हा परीक्षा कशाला घ्यायची.

मोठ्या ट्रेत लहान चौकट कुठे ठेवायची यावर मी आणि काका अर्धा तास बोललो. एका बाजूला सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम नळ्या, दुसऱ्या बाजूला बॉडीचा पत्रा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 43-44 ला जातो, त्यात इंजिनाची धग. बॅटरी थंडीने मरत नाही आपल्याकडे, उष्णतेने मरते. म्हणून नळ्यांपासून जेवढी लांब जाईल तेवढी सरकवली. लहान बॅटरीने दिलेले ते साठ मिलिमीटर हवेला खुले ठेवले. तिथे पाना-पक्कडीची पिशवी छान बसेल असं मनात आलं होतं. काकांनी नुसती मान हलवली. बरोबर होतं त्यांचं, सुटा पाना हा दुसरा ठोकळाच.

चौकट आणि चटईमुळे बॅटरी सहा मिलिमीटर वर आली होती. बॉनेट लोखंडाचं, आणि धन टोक त्याला टेकलं तर पुन्हा तेच. बंद बॉनेटखाली किती जागा उरते हे बघणार कसं? आईला विचारलं तर ती आत गेली आणि कणकेचा गोळा घेऊन आली. वायरी सोडवलेल्या ठेवून, क्लँप नुसता टोकावर बसवून, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि कणकेचा गोळा ठेवला. बॉनेट हळूच पूर्ण लावलं, उघडलं. दबलेल्या कणकेची जाडी मोजली: 31 मिलिमीटर. पुरेशी. तरी बॉनेटच्या आतून तेवढ्या जागी रबराचा तुकडा चिकटवला. आई तो गोळा दारातल्या गाईला घालायला निघाली होती, तेवढं मी अडवलं. बॅटरीच्या टोकावर शिसं असतं.

आता वरची पट्टी. माझी पहिली कल्पना साधी होती. एक सपाट पट्टी झाकणावरून मधोमध आडवी, दोन्ही टोकांना सळई, वर नट. तशी करून आणली, बसवली, आवळली. बॅटरी हलेना. मी खूश. काकांनी पट्टीशेजारी फूटपट्टी उभी धरून दाखवली, झाकण मधोमध आत गेलं होतं.

“झाकण नाही दाबायचं, ताई. कड दाबायची. कडेखाली भिंत आहे, मधे काय आहे?”

मधे पोकळी आणि पाणी घालायच्या बुचांची रांग. तिथे दाबत राहिलं की उन्हाने मऊ झालेलं प्लास्टिक कधीतरी चिरणार, आणि चीर पडली की ॲसिड बाहेर. दुसऱ्यांदा आम्ही पट्टीऐवजी अँगलचा आडवा तुकडा घेतला आणि त्याच्या दोन्ही टोकांना खाली वळलेले छोटे ओठ जोडले. ते ओठ बॅटरीच्या दोन्ही लांब बाजूंच्या वरच्या कडा धरतात आणि अँगल झाकणाच्या दोन मिलिमीटर वरून जातो. जिथे लोखंड प्लास्टिकला लागतं तिथे रबर. आणि आख्ख्या अँगलवर रबरी नळी चढवली, म्हणजे उद्या पाना हातातून निसटून पडला तरी लोखंडाला लोखंड लागणार नाही.

सळया 8 मिलिमीटरच्या, लेथवर आटे पाडून घेतल्या, खालचं टोक आकड्यासारखं वाकवलेलं. आकडे लहान चौकटीत अडकतात. काकांनी आकड्याचं तोंड आतल्या बाजूला वळवायला लावलं, म्हणजे बॅटरीचं वजनच त्याला निसटू देत नाही. सळया लांब बाजूंच्या मध्यावर येतात. धन टोकापासून जवळच्या सळईचं अंतर साडेसात सेंटिमीटर भरलं. आधी ते चार सेंटिमीटरसुद्धा नव्हतं. नटाच्या वर उरलेले आटे कापून टाकले, वर रबरी टोप्या घातल्या. नट नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे; खाली रुंद वायसर. आवळताना दोन्हीकडे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. बॅटरी हलायची थांबली की तिथून पाव फेरा, आणि थांबायचं.

वायरींचं काम मला कमी महत्त्वाचं वाटलं होतं. तसं नव्हतं. मोठ्या बॅटरीची टोकं जाड असतात, धन साडेएकोणीस मिलिमीटर, ऋण अठराच्या आसपास. या लहान बॅटरीची बारीक, पंधरा आणि तेरा. (धन टोक नेहमी जाड ठेवतात, वायरी उलट लागू नयेत म्हणून.) जुने क्लँप बारीक टोकांवर बसवायला दुकानातल्या मुलाने आत तांब्याची तार घातली होती. अशा सैल जोडाला सेल्फ मारताना ऊब येते, मग तो आणखी सैल होतो. मी बारीक टोकांचे पितळी क्लँप घेतले. धन वायरला रबरी बूट. वायर ताणलेली नको आणि लोंबकळतीही नको. बॉडीच्या कडेवरून जाते तिथे रबरी रिंग घातली. ऋण वायर बॉडीला जिथे बोल्ट होते तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, जोडल्यावर वरून पेट्रोलियम जेली. इंजिन ते बॉडी जाणारी विणलेली अर्थिंगची पट्टी काळी पडलेली होती, तीही बदलली. धन टोक आधी, ऋण शेवटी. काढताना नेमकं उलट: ऋण आधी. असं केलं तर पाना चुकून बॉडीला लागला तरी काही होत नाही.

मल्टीमीटर शाळेतून आणला होता. विसावलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट. सेल्फ मारताना खाली जाऊन 10.4, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जड सेल्फलाही ही बॅटरी पुरते आहे. इंजिन चालू, हेडलाइट लावून 14.1. मोठ्या बॅटरीची उणीव मला एकाच बाबतीत भासते. गाडी बंद ठेवून रेडिओ लावायची बाबांची सवय होती, ती आता सोडावी लागली.

काकांनी पुन्हा दोन तळहात लावले. चारी बाजूंनी ढकललं, मग वरून धरून उचलून पाहिलं. बॅटरीबरोबर गाडीचं पुढचं टोक स्प्रिंगवर खालीवर झालं, बॅटरी आणि ट्रे यांच्यात केसभरही हालचाल नाही. पण तेवढ्यावर ते समाधानी नव्हते. माझ्याकडे नेलपॉलिश मागितलं. प्रत्येक नटावरून खाली वायसरपर्यंत एक लाल रेघ ओढली. मागांवर ते खडूने करायचे. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि डोळ्याला दिसते, पाना लावून बघायची गरज नाही.

पुढच्या गुरुवारी सुट्टी होती. अक्कलकोटला निघालो, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, काका मागच्या सीटवर. आई पहिले दहा किलोमीटर गप्प होती. वळसंग गेल्यावर तिने डबा उघडला. एका गतिरोधकावर मी मुद्दाम जरा वेगाने गेले आणि सगळेच कान देऊन बसलो. आवाज फक्त डब्याच्या झाकणाचा.

अक्कलकोटला सावलीत गाडी लावून बॉनेट उघडलं. सहा रेघांपैकी ट्रेच्या बोल्टांवरच्या चार जशाच्या तशा. आडव्या अँगलच्या दोन्ही नटांच्या रेघाही जुळलेल्या होत्या, पण ओठांखालचं रबर नवीन असल्याने बसलं होतं आणि दाब कमी झाला होता. बोटाने रबरी नळी ढकलली तर थोडी सरकत होती. रेघ नट फिरल्याचं सांगते, रबर दबल्याचं नाही. हे काकांनाही नवीन होतं. मागाला खाली रबर नसतं. थंड झाल्यावर दोन्हीकडे पाव फेरा आवळलं आणि नव्या रेघा ओढल्या.

त्यानंतर दोनदा पाहिलं, एकदा पंधरा दिवसांनी, एकदा मे महिना संपताना. दुसऱ्या वेळी आई शेजारी उभी होती. तिने विचारलं, हात लावू का? आणि दोन्ही तळहात टेकवून, काकांसारखंच, बॅटरी ढकलून पाहिली.